वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारचा आवाज थोडक्या खर्चात सुधारताना

या अंकासाठी निवडलेले प्रश्न एकाच अडचणीभोवती फिरणारे आहेत. वाद्य साधे आहे, हाताशी पैसे मोजके आहेत आणि आवाज मनासारखा येत नाही. उत्तरे देताना मी एकच क्रम पाळला आहे. तारेपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत नाद कुठे कुठे गळतो ते आधी शोधावे, ती गळती थांबवावी आणि त्यानंतरच नवीन काही विकत घेण्याचा विचार करावा.

प्रश्न : माझ्याकडे जुनी विकत घेतलेली, तीन सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याच्या) पिकअपची स्ट्रॅटोकास्टर धाटणीची गिटार आणि १५ वॅटचा सरावाचा ॲम्प आहे. आवाज मंद आणि निर्जीव वाटतो. मित्र पिकअप बदलायला सांगतात. माझ्याजवळ साधारण २,००० रुपये आहेत. ते कशावर खर्च करावेत?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोथरूड

पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपून त्याचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारे भाग, तूर्त बदलू नयेत. तीन चांगले पिकअप आपल्या रकमेत बसणार नाहीत, आणि जुन्या तारा, चुकीची उंची व लांबलचक केबल तशीच राहिली तर महागड्या पिकअपमधूनही आवाज मंदच येईल. आपल्याकडे आहे त्या साहित्यातून किती नाद निघू शकतो याचा अंदाज आपल्याला अजून आलेलाच नसावा, असे आपल्या पत्रावरून मला वाटते.

सुरुवात तारांपासून करावी. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तीन तारांवर बारीक वेढे असतात. त्या वेढ्यांत घाम, त्वचेचा तेलकटपणा आणि धूळ साचली की तारेची वरची स्वरकंपने दबतात, तिचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही आणि ती सुरातही नीट लागत नाही. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांचा चांगला संच साधारण पाचशे रुपयांपासून मिळतो, आणि एवढ्या पैशांत आवाजात याहून मोठा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. संच घेताना जाडी सध्याच्या तारांइतकीच ठेवावी. दुकानात ज्याला ‘नऊचा सेट’ म्हणतात त्यातली पहिली तार ०.००९ इंचाची असते, ‘दहाच्या सेट’मध्ये ती ०.०१० इंचाची असते. हा फरक नगण्य वाटला तरी त्याच सुरात लावल्यावर त्या तारेचा ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे मान किंचित पुढे वाकते, ट्रेमोलो ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो हलता भाग) वर उचलला जातो आणि सगळी जुळणी नव्याने करावी लागते. जाड तारांचा आवाज भरदार असतो हे खरे, पण ते काम पुढे सवडीने करावे.

दुसरे काम पूर्णपणे फुकटचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. ते म्हणजे पिकअपची उंची. पिकअपमधले चुंबक तारेला स्वतःकडे ओढत असते. पिकअप फार जवळ असला तर ही ओढ तारेच्या कंपनात अडथळा आणते, नाद लवकर विझतो आणि जाड तारा बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजवल्या की सूर डळमळल्यासारखा, जणू एकाच तारेतून दोन सूर निघत असल्यासारखा ऐकू येतो. पिकअप फार खाली असला तर आवाज मोकळा पण दुबळा येतो. तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की जसा नाद उघडतो, तसाच प्रकार या स्क्रूंच्या बाबतीत आहे. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजावे. सिंगल कॉइलसाठी जाड तारेच्या बाजूला सुमारे २ मिलिमीटर आणि पातळ तारेच्या बाजूला सुमारे १.६ मिलिमीटर हे अंतर सुरुवातीला योग्य असते. तिथून पुढे स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत, प्रत्येक वेळी तीच दोन-चार वाक्ये वाजवून, कानाने ठरवावे. मानेजवळ तारेचे कंपन रुंद असते, म्हणून मानेजवळचा पिकअप ब्रिजजवळच्या पिकअपपेक्षा खाली ठेवला की दोघांचा आवाज सारख्या पातळीवर येतो. स्वस्त गिटार विकत घेताना ही जुळणी बहुधा झालेलीच नसते, त्यामुळे तिचे पिकअप वाईट आहेत असा समज करून घेण्याआधी ही अर्ध्या तासाची खटपट अवश्य करावी.

उंची ठरली की स्वरस्थाने तपासावीत. बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर तंतोतंत जुळला पाहिजे. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो सरकता भाग, मागे घेऊन तारेची लांबी वाढवावी. उतरा असेल तर सॅडल पुढे आणावे. ही तपासणी नव्या तारांवरच करावी, जुन्या तारांवर ती निरर्थक ठरते. बेसूर कॉर्डला आपण अनेकदा ‘वाईट टोन’ म्हणतो, आणि तो दोष कोणत्याही पेडलने दूर होत नाही.

आता केबल. पिकअप, केबल आणि गिटारमधले पॉट (व्हॉल्यूम व टोनच्या बटनांखालचे बदलते रोध) मिळून एक विद्युत मंडल तयार होते. त्यात केबलची धारकता, म्हणजे कपॅसिटन्स, जितकी जास्त तितका पिकअपचा सर्वांत ठळक वाजणारा पट्टा खाली सरकतो. सर्वसाधारण केबलची धारकता दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. आपल्यासारख्या पिकअपचे प्रेरकत्व, म्हणजे इंडक्टन्स, २.५ हेन्री धरले आणि बाकी मंडलाची थोडी धारकता मिळवली, तर ३ मीटरच्या केबलबरोबर हा पट्टा ५,००० हर्ट्झच्या जवळ येतो आणि ६ मीटरच्या केबलबरोबर ४,००० हर्ट्झच्या खाली उतरतो. हा फरक कोणत्याही कानाला कळण्याइतका आहे. खोलीत सराव करणाऱ्याला ३ मीटर केबल पुरेशी असते, तेव्हा सोन्याच्या मुलाम्याच्या गोष्टींवर पैसे घालवण्यापेक्षा मजबूत जोडणीची, मध्यम किमतीची आणि लहान केबल घ्यावी. याच नियमाचा उलटा उपयोगही होतो. एखाद्या गिटारचा आवाज कानाला टोचत असेल तर लांब केबल लावून तो मऊ करता येतो.

पिकवर, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीवर, शंभर रुपयांहून कमी खर्च येईल. पातळ पिकने टकटक जास्त ऐकू येते आणि स्वराचा गाभा कमी, ०.८८ ते १ मिलिमीटर जाडीचे दोन-तीन वेगळ्या साहित्याचे पिक आणून एकाच ओळीवर वाजवून पाहावेत. त्याबरोबर हात कुठे पडतो याकडेही लक्ष द्यावे. ब्रिजजवळ छेडलेली तार तीक्ष्ण आणि मानेजवळ छेडलेली तार गोल वाजते, आणि या दोन टोकांमध्ये जेवढे रंग आहेत तेवढे स्वस्त ॲम्पच्या सगळ्या बटनांमध्ये मिळून नसतील.

शेवटी आपला ॲम्प. तो जमिनीवर, कोपऱ्यात, भिंतीला चिकटून ठेवलेला असेल तर खालचे स्वर फुगतात. शिवाय वरचे स्वर स्पीकरमधून सरळ समोर जातात, म्हणजे ते आपल्या पोटऱ्यांना ऐकू येतात आणि कानाला येत नाहीत. ॲम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे टेकवून वरच्या दिशेला झुकवावा. मग गेन (ॲम्पमध्ये येणारा संदेश किती वाढवायचा ते ठरवणारे बटन) अर्ध्याच्या खाली, बेस थोडा कमी, मिडल मध्यावर किंवा त्याच्या किंचित वर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडावा आणि पुन्हा ऐकावे. या सगळ्यात आपले हजार-दीड हजार रुपये खर्च होतील. उरलेल्या पैशांत तारांचा आणखी एक संच घेऊन ठेवावा.

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीतील घरात ॲम्प लावला की सतत घुमणारा आवाज येतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तर तो असह्य होतो. गिटारच्या आतून तांब्याची पट्टी लावावी का?
— सदाशिव पेठ

पट्टी लावण्याआधी घुमणारा आवाज कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे आवश्यक आहे, कारण पट्टीने एकच जात आटोक्यात येते. गिटार हातात धरून जागेवर हळूहळू वळावे. दिशेप्रमाणे आवाज वाढत-कमी होत असेल तर तो जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि सिंगल कॉइल पिकअप ते क्षेत्र अँटेनासारखे टिपतो. तांब्याच्या पातळ पट्टीला हे क्षेत्र जुमानत नाही. त्यावर उपाय म्हणजे ॲम्पपासून दोन-तीन मीटर दूर बसणे, कमी आवाज येणारी दिशा शोधणे, आणि आपल्या गिटारचा मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा असेल तर पाच स्थानांच्या स्विचवरचे दुसरे किंवा चौथे स्थान, म्हणजे मधला पिकअप शेजारच्या पिकअपबरोबर चालतो ते, वापरणे. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या हंबकर पिकअपचे पेटंट मागितले त्याचे तत्त्व हेच आहे. उलट दिशेने गुंडाळलेली दोन वेटोळी एकमेकांतला बाहेरचा गोंगाट खोडून टाकतात आणि तारेचा आवाज मात्र राखतात.

याउलट आवाज किरकिरा असेल आणि तारांना हात लावताच कमी होत असेल, तर तो विद्युत क्षेत्राचा आहे. तिथे तांब्याची पट्टी उपयोगी पडते. पिकअप आणि पॉट बसतात त्या खाचांच्या आतून आणि पिकगार्डच्या मागून पट्टी लावावी, सर्व तुकडे एकमेकांना विजेने जोडलेले आहेत याची मल्टिमीटरने खात्री करावी आणि तो थर गिटारच्या ग्राउंडला जोडावा. जोडला नाही तर पट्टीचा काहीच उपयोग होत नाही. त्याआधी खोलीतली पायऱ्या नसलेल्या गोल बटनाचे इलेक्ट्रॉनिक पंखा-रेग्युलेटर व डिमर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहावेत. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो. इन्व्हर्टरबद्दलची आपली तक्रार स्वाभाविक आहे. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या विजेत मूळ ५० हर्ट्झखेरीज वरच्या कंपनांची मोठी गर्दी असते आणि ती सगळी ॲम्पमध्ये ऐकू येते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी होतो, पण केवळ गिटारसाठी तो बदलण्याचा सल्ला मी देणार नाही. वीज नसताना बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन ॲम्प वापरावा.

एक गोष्ट मात्र टोनपेक्षा फार महत्त्वाची आहे. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचे सॉकेट दिसले तरी त्यामागे अर्थिंग असेलच असे नाही. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर त्या क्षणी ॲम्प बंद करावा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. घुमणारा आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती कदापि मानू नये. मांडवातल्या कार्यक्रमात ॲम्प एका ठिकाणच्या विजेवर आणि माइक दुसऱ्या ठिकाणच्या विजेवर असतो. अशा वेळी हात तारांवर आणि ओठ माइकला लागले तर जिवावर बेतू शकते. दोन्ही साधने एकाच, नीट अर्थिंग असलेल्या जोडणीवर घ्यावीत.

प्रश्न : गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाजातली चमकच जाते. ही गिटारची खोट आहे का?
— हडपसर

खोट नाही. व्हॉल्यूमचे पॉट खाली आणले की त्याचा रोध आणि केबलची धारकता मिळून वरचे स्वर गाळले जातात. यावर उपाय काही रुपयांचा आहे. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडून ती जोडी व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या टोकाला आणि मधल्या टोकाला सोल्डर करावी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत हे दोन्ही भाग सहज मिळतात. सोल्डरिंगचा सराव नसेल तर तिथेच किंवा घराजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात हे काम करून मिळते. चमक जास्तच वाटली तर कपॅसिटर ६८० पिकोफॅरडचा घ्यावा.

पॉट फिरवताना खरखर येत असेल तर त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा सोडून पॉट अनेकदा पूर्ण फिरवावे. दारांच्या बिजागरीला घालायचे तेल वापरू नये. टोनचा कपॅसिटर ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणून महागात विकला जातो, त्याच्या मोहात पडण्याचे कारण नाही. टोनचे बटन पूर्ण उघडे असताना त्याचा आवाजाशी संबंध अगदी नाममात्र असतो, आणि बटन खाली आणल्यावर फरक पडतो तो त्याच्या मूल्याने, किमतीने नव्हे.

प्रश्न : ॲम्प घेण्याची ऐपत नाही. संगणकाला गिटार जोडून वाजवतो, पण डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा परिणाम) लावले की आवाज माशीच्या गुणगुणीसारखा पातळ येतो.
— निगडी

इथे दोन वेगवेगळ्या चुका संभवतात. पहिली म्हणजे गिटार चुकीच्या इनपुटला जोडणे. गिटारच्या पिकअपला सुमारे १ मेगाओहम रोधाचे इनपुट लागते, आणि ऑडिओ इंटरफेसवर (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) त्याची नोंद ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ अशी असते. साध्या लाइन इनपुटचा रोध त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका असू शकतो, आणि त्याला जोडलेली गिटार मंद व मलूल वाजते. आपल्या इंटरफेसवर त्यासाठी बटन असेल तर ते आधी दाबावे. दुसरी आणि बहुधा आपली खरी अडचण स्पीकरची आहे. गिटारचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो, म्हणून ॲम्पमधले डिस्टॉर्शन कानाला गोड लागते. हेडफोन मात्र ते सगळे उघडेबोडके ऐकवतो. म्हणून साखळीच्या शेवटी स्पीकर कॅबिनेटची प्रतिकृती, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सची फाइल, लावणे अनिवार्य आहे. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि अशा फाइलीही विनामूल्य मिळतात. एवढ्याने आवाज सुधारला नाही तर गेन आपल्याला आवश्यक वाटतो त्याच्या निम्म्यावर आणावा.

प्रश्न : फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आमचा संघ सराव करतो आहे. घरी उत्तम वाजणारी माझी गिटार ढोलकी, कीबोर्ड आणि बेस गिटारबरोबर ऐकूच येत नाही. मोठा ॲम्प भाड्याने घ्यावा का?
— शिवाजीनगर

मोठ्या ॲम्पने भांडण मोठे होईल, गिटार ऐकू येईलच असे नाही. एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल वाढवून मिडल उतरवला की आवाज भव्य भासतो. समूहात मात्र खालची जागा बेस गिटारची आणि ढोलकीच्या धुमची असते, अगदी वरची जागा झांजा-टाळांची असते, आणि मधली, जी खरी गिटारची, ती आपण स्वतःच रिकामी केलेली असते. गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची आहे, बेसची त्याच्या निम्म्याने ४१ हर्ट्झची आहे. तेव्हा ॲम्पवरचा बेस निःशंकपणे उतरवावा आणि मिडल चढवावा. घरी ऐकताना हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, पण तिथे त्याचा निवाडा करू नये. गेनही कमी करावा, कारण डिस्टॉर्शन वाढले की आघात बोथट होतो, आणि गर्दीत स्वर ओळखू येतो तो आघातामुळे.

कीबोर्डवादकाशी बसून कोणी कोणत्या सप्तकात वाजवायचे हे ठरवून घ्यावे. दोघांनी एकाच जागी पूर्ण कॉर्ड धरले तर दोघेही हरवतात, आणि गिटारने वरच्या तीन-चार तारांवरच कॉर्ड वाजवले तर लगेच वाट मोकळी होते. रंगमंचावर ॲम्पला माइक लावणार असाल तर ध्वनिव्यवस्थापकाला माइक स्पीकरच्या मध्यबिंदूसमोर न ठेवता मध्य आणि कड यांच्या दरम्यान ठेवण्याची विनंती करावी. मध्यावर आवाज धारदार, कडेला मंद असतो, आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या सरकवण्याने इक्वलायझरला पुष्कळ काम उरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी गिटार शिकते. पावसाळ्यात तारा गंजतात आणि गिटार सतत उतरते. महागड्या कोटिंगच्या तारा घ्याव्यात का?
— सिंहगड रस्ता

तिच्या हाताला घाम जास्त येत असेल तर घ्याव्यात. त्या साध्या तारांपेक्षा महाग असल्या तरी जास्त दिवस टिकतात. वाजवण्याआधी हात धुणे आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्याने वरून आणि खालून पुसणे, एवढी सवय लागली तर साध्या ताराही बऱ्याच टिकतील. गिटार उतरण्याचे कारण मात्र बहुधा गंज नसतो. नवी तार लावल्यावर ती बोटांनी हलकेच वर ओढून ताणावी आणि पुन्हा सुरात आणावी, आणि ती उतरणे थांबेपर्यंत असेच करावे. खुंटीवर पातळ तारांचे दोन-तीन वेढे पुरतात, आणि ते एकावर एक न चढता वरून खाली नीट बसलेले असावेत. सूर लावताना ‘टक’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. तार बाजूला करून त्या खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे. स्वर नेहमी खालून वर आणत लावावा, म्हणजे खुंटीतला सैलपणा आड येत नाही.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत गिटार भिंतीवर उघडी न टांगता पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. हवेतल्या फरकाने मान थोडी हलते. पावसाळ्यात आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तारांची उंची वेगळी जाणवली तर तो बिघाड समजू नये. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर सहावी तार एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहिल्यास तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे. फट फार जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई, फिरवावा लागेल. तो पहिल्यांदा जाणकाराकडून आपल्या मुलीच्या समोर करून घ्यावा, आणि पुढे तिने स्वतः करताना एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. मानेला नव्या स्थितीत स्थिरावायला रात्रभर वेळ द्यावा आणि मगच फट पुन्हा मोजावी.